'हुबेहूब आईसारखं' गांजाचं बियाणं: लेमिंग्टनच्या परसातून

सगळी रोपं मादी निघतील हा पाकिटावरचा दावा खरा ठरला. 'आईची हुबेहूब प्रत' हा दुकानाच्या वेबसाइटवरचा दावा मात्र शुद्ध थाप आहे, आणि ही थाप नकळत मारली गेली असेल असं मला वाटत नाही. ज्यांना मादी झाडाला नर फुलं आणून त्याच्याच परागानं त्याचं बी धरता येतं, त्यांना मेंडेलचे वारशाचे नियम शिकवायची गरज नसते.

कंपनीचं नाव देत नाही. हीच भाषा बरेच जण वापरतात. एकाला पकडून बाकीच्यांना सोवळं ठरवायचं नाहीये. माल असा होता: कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या परवानाधारक दुकानातून घेतलेलं पाच बियांचं पाकीट, किंमत ६० डॉलर, वर १३ टक्के एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर. लेबलवर 'फेमिनाइज्ड' (म्हणजे फक्त मादी रोपं देणारं), 'एस-वन' आणि 'टीएचसी-सीबीडी १:१'. टीएचसी म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, सीबीडी म्हणजे नशा न आणणारं, १:१ म्हणजे दोन्ही जवळपास सारखी. एस-वन म्हणजे सेल्फिंगची, झाड स्वतःच्याच परागानं फळवण्याची, पहिली पिढी. आई एकच, बापही तीच.

आता मी कोण सांगणारी? माहेर शहादा तालुक्यातलं, घरी पपई आणि केळी, शिक्षण धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात, आणि पोटापाण्याला सध्या ऑन्टारिओतल्याच लेमिंग्टन गावच्या एका काकडीच्या ग्रीनहाऊसमध्ये. मी स्वतः ओढत नाही. नवरा शनिवारी रात्री कधीमधी दोन झुरके घेतो, नुसत्या टीएचसीच्या मालानं डोकं गरगरतं म्हणतो, म्हणून १:१ शोधत होतो. मला रस झाडात. इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायद्यानं घरटी चार झाडं लावता येतात. माणशी नव्हे, घरटी. शेजारच्या क्यूबेक प्रांतातल्यांनी मात्र उत्साहात येऊ नये. तिथली बंदी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही उचलून धरली.

आधी चांगलं ते सांगते. बिया टपोऱ्या, गडद तपकिरी, अंगावर ठिपक्याठिपक्यांची नक्षी. बोटांत दाबल्या तर फुटत नव्हत्या. एप्रिलअखेर चार बिया ओल्या टिश्यूपेपरात घातल्या. तिघींना लगेच कोंब आला. चौथी फुगली आणि तशीच गप्प पडली, म्हणून पाचवी काढली. पाचपैकी चार हे प्रमाण मला चालतं. ग्रीनहाऊसमध्ये असा लॉट आला तर आमचा सुपरवायझर बियाणेवाल्याला फोनवर सोलून काढेल, पण ती वेगळी दुनिया. मेअखेरीचा व्हिक्टोरिया डे उलटल्यावर, थंडीचा धोका टळल्यावर, चारही रोपं मागच्या अंगणात मोठ्या कापडी पिशव्यांत लावली.

आईला व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवताना मागे तीही दिसली. म्हणाली, "अंबाडी छान आलीये गं. भाजी केलीस का?" मी हो म्हटलं. ती चुकली असंही नाही म्हणता येणार, कारण पान खरंच तसं दिसतं. अंबाडीच्या शास्त्रीय नावातलं 'कॅनाबिनस' त्यावरूनच आलंय. वडिलांनी चष्मा लावून जरा जास्त वेळ पाहिलं आणि विषय बदलला.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात दिवस लहान होऊ लागले तशी फुलं धरली. पेरांपाशी पांढऱ्या केसांच्या जोड्या, म्हणजे मादीच्या कुक्षी, चारही झाडांवर. नराचे गोळ्यागोळ्यांचे घोस एकावरही नाहीत. ज्यांनी पपई लावलीय त्यांना या गोष्टीचं मोल सांगायला नको. साध्या पपईत एका खड्ड्यात तीन रोपं लावायची, फुलावर येईपर्यंत तिघांना खत-पाणी घालायचं आणि मग नर उपटून फेकायचे. गांजातही नर आणि मादी झाडं वेगवेगळी. साध्या बियाण्यात निम्मी झाडं नर निघतात, आणि एकही नर नजरेतून सुटला तर सगळ्या माद्यांच्या फुलात बी भरतं. कायद्यानं चारच झाडं लावता येत असताना दोन नरांवर घालवायची म्हणजे अर्धा हंगाम पाण्यात.

हे साधतं कसं, हे मला काकडीमुळे आधीच ठाऊक होतं. आमच्याकडच्या लांब काकडीच्या वेलांवर फक्त मादी फुलं येतात. मग अशा वाणाच्या पालक ओळी टिकवायला पराग आणायचा कुठून? चांदीतून. सिल्व्हर नायट्रेट किंवा सिल्व्हर थायोसल्फेट शेंड्यावर पडलं की चांदीचे आयन एथिलीनला काम करू देत नाहीत. एथिलीन म्हणजे तोच वायू, जो सोडून रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवतात. मादी फूल घडायलाही त्याचीच सही लागते. ती अडवली की मादी वेलावर नर फुलं येतात.

गांजावर हे नीट करून दाखवलं ते आपल्याकडच्या माणसांनी, आणि इथल्या बियाणं विकणाऱ्यांपैकी कुणाला हे माहीत असेल असं मला वाटत नाही. दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम यांनी १९७०च्या सुमाराला जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक वापरून मादी झाडावर नर फुलं आणली. पुढे १९८२ मध्ये त्यांच्या गटानं सिल्व्हर नायट्रेट आणि सिल्व्हर थायोसल्फेट दोन्ही लावून पाहिले. थायोसल्फेट सरस ठरलं, त्या फुलांतला पराग जिवंत निघाला आणि त्यानं बीही धरलं. फक्त मादी रोपं देणारं बियाणं असं काढता येईल, हे त्यांनी त्या लेखातच लिहून ठेवलंय. नेदरलँड्समध्ये अशा बियाण्याचा धंदा सुरू झाला तो १९९०च्या दशकात.

हिशेब सोपा आहे. मादी एक्स-एक्स. तिच्या परागात वाय येणार कुठून? म्हणून सगळ्या मुलीच. (चांदी लावलेल्या फांदीची फुलं मात्र ओढायची नाहीत की खायची नाहीत, ती बियाण्यापुरतीच. पाकीट विकत घेणाऱ्याला हा प्रश्न येत नाही. घरी प्रयोग करणाऱ्यांना येतो.)

इथवर पाचपैकी पाच. आता तक्रार.

जुलैतच चार झाडं चार घरची दिसायला लागली होती. एक माझ्या खांद्याला लागलं, फांद्या लांब, पेरं विरळ. दोन कमरेएवढी, गच्च. एक खुरटं, पानं बारीक, कितीही खायला घाला, अंगाला लागेना. खुरटं निघण्याबद्दल माझी तक्रार नाही, सेल्फिंग केलं की हे व्हायचंच. आईच्या अंगात जे दोष जोडीतल्या चांगल्या जनुकाआड झाकून असतात, ते स्वतःशीच जुळल्यावर काही पिल्लांत उघडे पडतात. ज्या जागी आईकडे दोन वेगळी रूपं असतात, तशा निम्म्या जागा प्रत्येक सेल्फिंगमध्ये एकसारख्या होत जातात: पहिल्या पिढीत ५० टक्के वेगळेपण उरतं, दुसरीत २५, तिसरीत साडेबारा. मक्यावर, ज्वारीच्या कणसाला कागदी पिशवी बांधून, आम्ही कॉलेजात हेच गिरवलं. एकसारखेपण हवं तर पाच-सहा पिढ्या थांबावं लागतं, दर पिढीत निवड करावी लागते आणि जोम जातो तो सोसावा लागतो. पहिल्याच पिढीचं बी विकून त्याला 'प्रत' म्हणायचं हे मला पटत नाही. घटक सगळे आईचेच, मान्य. मांडणी दर बीमध्ये निराळी. हुबेहूब हवं असेल तर आईच्या फांदीचं कटिंग लावा, दुसरा मार्ग नाही.

तरी उंचीचं, वासाचं मी सोडून दिलं असतं. उंच झाडाला लिंबाच्या सालीचा वास, गच्च दोघींना डिझेलचा, खुरट्याला जवळजवळ काहीच नाही, ठीक आहे. पण १:१ हा तर विक्रीचाच मुद्दा होता, आणि तिथेच गोची आहे.

गांजाचं झाड आधी सीबीजीए नावाचा कच्चा माल बनवतं. त्याचं टीएचसीचं आम्ल करायचं की सीबीडीचं, हे दोन एन्झाइम ठरवतात. त्यांची जनुकं गुणसूत्रावर इतकी शेजारीशेजारी असतात की वारशापुरती ती एकच जागा समजली तरी चालतं. २००३ मध्ये एटिएन द मेयर आणि सहकाऱ्यांनी 'जेनेटिक्स' या नियतकालिकात हे मांडलं: शुद्ध टीएचसीची ओळ आणि शुद्ध सीबीडीची ओळ यांचा संकर केला तर पहिली पिढी सगळी मिश्र. ती मिश्र पिढी सेल्फ केली की १:२:१. पाव टीएचसीवाली, अर्धी मिश्र, पाव सीबीडीवाली. बारावीच्या पुस्तकातला वाटाणाच.

म्हणजे १:१ची आई असेल तर तिच्याकडे दोन्ही रूपं एकेक आहेत. तिला स्वतःशीच फळवली की निम्म्या मुलीच १:१ निघणार. माझी चारही झाडं १:१ निघायची शक्यता किती? अर्ध्याचा चौथा घात, सोळात एक. आणि लेबल म्हणतं, प्रत्येक बी तशीच.

सप्टेंबरात खात्री करून घेतली. थिन लेयर क्रोमॅटोग्राफीचं, म्हणजे मिश्रणातले घटक पट्टीवर वेगवेगळे करून दाखवणारं, घरगुती किट मिळतं, जरा महागच आहे, पण कॉलेजच्या प्रॅक्टिकलची आठवण झाली म्हणून घेतलं. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून बसले. चारही झाडांचा चिमूटभर फुलोरा वेगवेगळ्या कुपीत, वर द्रावक. थोडं हलवायचं, मग केसासारख्या बारीक काचनळीनं पट्टीच्या तळाशी एकेक टिंब ठेवायचं. टिंब जितकं बारीक तितका निकाल स्वच्छ. पहिली पट्टी मी घाईत भरली आणि सगळे डाग एकमेकांत गेले. दुसरी नीट जमली. पट्टी बरणीतल्या द्रवात उभी केली, द्रव हळूहळू वर चढला, मग ती वाळवून रंग फवारला. रंग फास्ट ब्लू जातीचा. टीएचसी लाल उमटतं, सीबीडी नारिंगी.

उंच झाड: लाल आणि नारिंगी, दोन्ही ठसठशीत. गच्च दोघींपैकी एक: दोन्ही. दुसरी गच्च: नुसतं नारिंगी. खुरटं: नुसतं नारिंगी. जिथे लाल यायला हवं तिथे नखाच्या टोकाएवढी पुसट छटा, कारण सीबीडीचं एन्झाइमही कणभर टीएचसी सांडतंच.

चारात दोन मिश्र, दोन सीबीडीवाल्या, नुसती टीएचसीवाली एकही नाही. चारच बियांवर १:२:१ तंतोतंत बसेल ही अपेक्षा नव्हतीच. नवऱ्यानं पट्टी उजेडाकडे धरून विचारलं, "म्हणजे ही दोन झाडं म्हणजे नुसतंच गवत?" मी म्हटलं, तुझ्या शनिवारापुरतं, हो.

दुकानाला मेल लिहिलं, पट्टीचा फोटो जोडला. उत्तर आलं की जिवंत वनस्पतींत नैसर्गिक फरक असतात, आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट घ्या. नैसर्गिक फरक! अहो, हा फरक पेरायच्या आधी कागदावर मांडता येतो. माझा राग सेल्फिंगवर नाही. पद्धत उत्तम आहे, या कामाला ती चुकीची आहे. १:१चं बियाणं हवं तर शुद्ध सीबीडीच्या मादीवर चांदी लावून तिचा पराग शुद्ध टीएचसीच्या मादीवर टाका. सगळी मिश्र, सगळी मादी, वर संकराचा जोमही मिळतो. त्यासाठी दोन शुद्ध ओळी सांभाळाव्या लागतात, पैसा आणि जागा जाते. एकाच लोकप्रिय झाडाला सेल्फ करून त्याच्या नावावर बी विकणं फार स्वस्त पडतं. खरा ब्रीडर एस-वन पिढी वापरतो ती आईच्या पोटात काय काय दडलंय ते बघायला, आणि त्यातून पुढची निवड करायला. इथे ती बघायची मजुरी मी केली, तीही ६० डॉलर भरून.

उलट बाजूही सांगायला हवी. आई नुसती टीएचसीवाली किंवा नुसती सीबीडीवाली असती, तर तिच्याकडे या जागी दोन्ही रूपं सारखीच. मग सेल्फिंग केलं तरी गट बदलत नाही, सगळ्या मुली त्याच गटातल्या. उंची, वास, काढणीची वेळ यांत फरक पडेल, पण बाटलीत काय येणार हे नक्की. असं एस-वन पाकीट मी बिनधास्त घेईन.

आता 'सेल्फ केलेलं बी म्हणजे झाडं दुलिंगी होणार' या अफवेबद्दल. इथल्या मराठी मंडळातल्या एका काकांनी मला पिशव्या बघून हेच ऐकवलं. (गांजा लावल्याबद्दल आधी नाक मुरडलं, मग पाऊण तास सल्ला दिला.) चांदीचा परिणाम त्या फांदीपुरता, तो बियांत उतरत नाही. प्रश्न आई कशी निवडली हा आहे. काही जण चांदीबिंदीच्या भानगडीत न पडता, ताण पडल्यावर मादी झाड आपणहून एखाददुसरं नर फूल काढतं त्याच्या परागावर बी धरतात. तिथे निवड नेमकी त्या खोडीचीच होते, आणि खोड मुलींत येते.

माझ्या झाडांपैकी एकीनं, नारिंगीवाल्या गच्च मुलीनंच, सप्टेंबरअखेर थोडा रंग दाखवला. फुलोऱ्याच्या बेचक्यात, कुक्षींच्या गर्दीत, पिवळेजर्द उघडे पुंकेसर. इथले लोक त्यांना 'बनाना'च म्हणतात आणि दिसायलाही ते तसेच. दोन-तीन दिवस रोज सकाळी चिमट्यानं वेचले. हंगामाच्या शेवटी दमलेल्या झाडाला असं होतं, त्यामुळे एवढ्यावरून कंपनीला दोष देणार नाही. बाकी तिघी शेवटपर्यंत स्वच्छ.

काढणीला हवामान आडवं आलं. लेमिंग्टन ईरी तळ्याच्या काठी, सप्टेंबरात रात्री दव इतकं पडतं की सकाळी पानं निथळत असतात, आणि गच्च फुलोऱ्यात राखाडी बुरशी शिरते. काकडीला होते तीच. मिश्र निघालेल्या गच्च झाडाचा मधला तुरा आतून तपकिरी निघाला, कापून फेकला. उंच विरळ झाडाला काही झालं नाही. दमट भागातल्यांनी पाकिटावरचा फोटो बघून गच्च फुलांवर भाळू नये.

भारतातून वाचणाऱ्यांनी हे बियाणं मागवायच्या फंदात पडू नका. आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाच्या व्याख्येतून बी वगळलंय हे खरं, पण विनापरवाना झाड लावणं हा गुन्हाच आहे. कॅनडातून बी बाहेर नेणं हाही इथला गुन्हा. विंडसरचा पूल ओलांडला की मिशिगन, तिथे घरटी बारा झाडं चालतात. तरी खिशात एक बी घेऊन पूल ओलांडू नका. इथल्या इथे सार्वजनिक ठिकाणी बाळगायची मर्यादा ३० ग्रॅम सुक्या मालाची, आणि हिशेबात एक बी म्हणजे एक ग्रॅम धरतात, म्हणजे एका वेळी तीस बिया.

गुण: मादी निघण्याला पूर्ण, उगवणीला चांगले, वर्णनाला भोपळा. एकूण पाचपैकी अडीच. घ्यायचंच असेल तर दुकानात दोन गोष्टी विचारा. आई कुठल्या गटातली, टीएचसी, सीबीडी की मिश्र? आणि मिश्र असेल तर बी सेल्फिंगचं की दोन ओळींच्या संकराचं? 'मिश्र' आणि 'सेल्फिंग' अशी जोडी ऐकलीत तर पाकीट परत ठेवा. पुढच्या मेमध्ये मी संकराचं घेणार आहे, दहा टक्क्यांची सूट न वापरता, दुसऱ्या दुकानातून.